एकच भावपत्रक, पण प्रत्येक ब्राउझरमध्ये कॉलमची रुंदी वेगळी. उपाय काय?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीच्या रोजच्या भावपत्रकाचं पान आहे. पानावर एकच टेबल, आठ कॉलम: अ.क्र., बाजार, शेतमाल, वाण, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. प्रत्येक सेलला सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून, रुंदी दिली आहे, क्रमाने ४०, १५०, ११०, ११०, ८०, ७०, ७०, ९०. बेरीज ७२० आणि टेबलची रुंदीही ७२०. सेलचं पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि रेघ यांच्यामधली मोकळी जागा, डावीउजवीकडे ८-८.

तरी जिथे उघडावं तिथे वेगळंच दिसतं. विंडोज १० वर क्रोममध्ये ठीक. त्याच कॉम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये ‘वाण’ आकसतो आणि ‘मध्यम धागा’ दोन ओळींत जातं. अँड्रॉइडवर काही कॉलमची अक्षरं मोठी, काहींची बारीक. आयफोनवर ‘बाजार’ फुगतो आणि भावाचे तिन्ही कॉलम दाटीवाटीने बसतात. प्रिंट काढली तर शेवटच्या कॉलमची उजवी रेघच येत नाही.

एकदा लिहून सगळीकडे सारखी रुंदी मिळेल अशी रीत आहे का? की प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळं सीएसएस लिहावं लागतं? कोडमधले शब्द इथे देवनागरीत लिहिते आहे, फाइलमध्ये अर्थातच नेहमीचं स्पेलिंग आहे.

धुऱ्यावरून | सोमवार, रात्री ८.५२

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप एचटीएमएल आहे का? आणि फॉन्ट-फॅमिली काय दिली आहे?

वखरपाळी | सोमवार, रात्री ९.२०

वेगळं सीएसएस लिहू नका. दोष ब्राउझरचा नाही, टेबल ज्या पद्धतीने मांडलं जातं आहे तिचा आहे.

टेबल-लेआउटची मूळ किंमत ‘ऑटो’ असते. या पद्धतीत सेलला दिलेली रुंदी म्हणजे विनंती असते, हुकूम नसतो. ब्राउझर प्रत्येक कॉलममधला प्रत्येक सेल वाचतो, न तुटणारा सर्वांत लांब शब्द किती जागा घेतो ते पाहतो, सगळा मजकूर एका ओळीत ठेवला तर किती लागेल तेही पाहतो, आणि मग जागा वाटतो. ही वाटणी नेमकी कशी करायची हे सीएसएस २.१ या नियमावलीने बंधनकारक केलेलं नाही. त्यात एक पद्धत सुचवली आहे आणि ब्राउझरने दुसरी वापरली तरी चालेल असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे दोन ब्राउझर दोन वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही नियमात बसतात.

आता तुमचा हिशोब. सेलची रुंदी म्हणजे फक्त मजकुराची जागा, पॅडिंग त्याच्या बाहेर. एका सेलला ८ अधिक ८ म्हणजे १६, आठ सेलचे १२८. म्हणजे मागणी ७२० ची नाही, ८४८ ची झाली, रेघा वेगळ्याच. टेबल मात्र ७२० वर अडवलेलं. कमी पडणारे १२८ पिक्सेल कोणत्या कॉलममधून कापायचे हे प्रत्येक ब्राउझर आपल्या रीतीने ठरवतो. फायरफॉक्सने ‘वाण’मधून कापले, एवढंच.

शिवाय ऑटोमध्ये आज जुळलेलं उद्या जुळेलच असं नाही. यादीत ‘आर्वी’ आणि ‘वणी’ असतात तेव्हा एक रुंदी, ‘शेंदुरजनाघाट’ आलं की दुसरी.

उपाय: टेबल-लेआउट: फिक्स्ड. सोबत टेबलला रुंदी द्यायलाच हवी, कारण विड्थ ऑटो राहिली तर फिक्स्ड लागूच होत नाही. ही अट बरेच जण विसरतात आणि मग ‘फिक्स्ड चालत नाही’ म्हणतात.

आंबिया_बहार | सोमवार, रात्री ९.४१

वखरपाळी, विश्लेषण मान्य, औषध मान्य नाही. फिक्स्ड केलं की मजकूर बघितलाच जात नाही. नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, धामणगाव रेल्वे ही नावं निदान मध्ये तुटतात. शेंदुरजनाघाट तुटत नाही, ते शेजारच्या सेलवर चढतं. भावपत्रकात शेतमालाच्या नावावर बाजाराचं नाव चढलं तर ते वाचायचं कसं?

ऑटोच ठेवा. अ.क्र., आवक आणि भावाच्या कॉलमना विड्थ: १% आणि व्हाइट-स्पेस: नोरॅप (ओळ न तोडण्याची सूचना) द्या. ते कॉलम मजकुराएवढेच राहतात आणि उरलेली जागा नावांना मिळते. ही युक्ती वर्षानुवर्षं सगळ्या ब्राउझरमध्ये चालते.

वखरपाळी | सोमवार, रात्री ९.५५

चालते, पण कॉलमची रुंदी मजकुरावरच ठरते. म्हणजे फॉन्ट बदलला की रुंदी बदलली. ताईंचा प्रश्न ‘सारखी रुंदी’ असा आहे. एकाच पडद्यावर एकच टेबल नीट दिसायला हवं असेल तर तुमची रीत उत्तम आहे.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०.१०

धुऱ्यावरून भाऊ, डॉकटाइप नव्हता. टाकला, तर आधीचंही बिघडलं. आता दिलेली एकही रुंदी लागत नाही. मात्र टेबलची अक्षरं बारीक झाली आणि ती बाकीच्या पानासारखी दिसायला लागली. फॉन्ट-फॅमिलीत फक्त सान्स-सेरिफ आहे.

धुऱ्यावरून | सोमवार, रात्री १०.२४

बिघडलं नाही, खरी चूक उघडी पडली. तुमच्या सीएसएसमध्ये ‘विड्थ: १५०’ असं असेल, पुढे पीएक्स नसेल. डॉकटाइप नसला की ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या पानांसाठीच्या सवलतीच्या पद्धतीत, जातो आणि एकक नसलेला आकडा पिक्सेल समजून घेतो. डॉकटाइप आला की स्टँडर्ड मोड येतो आणि एकक नसलेली रुंदी चुकीची म्हणून टाकून दिली जाते. प्रत्येक आकड्यापुढे पीएक्स लावा. शून्याला नाही लावलं तरी चालतं.

अक्षरं बारीक झाली त्याचंही कारण तेच. क्वर्क्स मोडमध्ये टेबल बाहेरच्या पानाकडून अक्षराचा आकार घेत नाही. बॉडीला १४ पिक्सेल दिले असतील तरी टेबल आपल्या १६ वर बसतं. म्हणजे तुम्ही आतापर्यंत जुळवलेल्या रुंद्या १६ च्या अक्षरांसाठी होत्या. आता १४ वर नव्याने मोजा.

आणि डॉकटाइपच्या आधी काही लिहू नका, कॉमेंटही नको.

तुराटी | सोमवार, रात्री १०.५८

फॉन्टचं मी सांगते, कारण मराठी पानात निम्मा फरक तिथूनच येतो.

सान्स-सेरिफ म्हणजे ‘तुझ्याकडे असेल तो दे’. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय असतो, विंडोज ७ वर तो नाही, तिथे मंगल येतो. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. प्रत्येकात अक्षराची रुंदी वेगळी, ओळीची उंचीही वेगळी. ऑटो टेबल मजकूर मोजून रुंदी ठरवतं, म्हणजे चार फॉन्टना चार मापं येणारच. गावातल्या बऱ्याच केंद्रांवर अजून विंडोज ७ आहे. तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, म्हणून ते मशीन हिशोबात धराच.

एकाच कॉम्प्युटरवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये फरक का? फायरफॉक्समध्ये प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट ठरवायची सोय आहे. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या अॅडव्हान्स्डमध्ये जा, वरच्या यादीत देवनागरी निवडा, म्हणजे कळेल कोणता धरला आहे. तिथेच अक्षराचा किमान आकारही असतो. कुणी तो १६ करून ठेवला असेल तर तुमचे १४ जाणार.

नेमका कोणता फॉन्ट लागला हे अंदाजाने ठरवू नका. क्रोममध्ये सेलवर उजवं क्लिक, इन्स्पेक्ट, कम्प्यूटेडच्या अगदी तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स. फायरफॉक्समध्ये इन्स्पेक्टरमधला फॉन्ट्स हा टॅब.

उपाय म्हणजे फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवरून द्या. ‘मुक्त’ या नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. डब्ल्यूओएफएफ२ या वेब-फॉन्ट प्रकारची फाइल ठेवा, फॉन्ट-फेसने जोडा. इंग्रजी आकडे वापरत असाल तर त्या फाइलमध्ये ते आकडे आहेत ना ते पाहा, नाहीतर नावं एका फॉन्टमध्ये आणि भाव दुसऱ्यात दिसतील.

जिनिंगवाला | मंगळवार, सकाळी ७.१५

अन् फॉन्ट उशिरा आला की ऑटो टेबल डोळ्यादेखत हलते ना ताई. आधी एका फॉन्टनं मांडते, मंग फाइल उतरली की सगळे कॉलम सरकते. रेंज नसली त हे दहा सेकंदांनीही होते. फिक्स्डमध्ये अक्षरं बदलते, कॉलम जागचे हालत नाही. माझं मत फिक्स्डलेच.

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ९.३०

पीएक्स लावले, ‘मुक्त’ फॉन्ट जोडला, टेबल-लेआउट फिक्स्ड केलं, विड्थ ७२० पिक्सेल. आता सगळ्या ब्राउझरमध्ये सारखं दिसतं, पण सारखंच चूक: आठही कॉलम ९० पिक्सेलचे! अ.क्र. ला ९० आणि बाजारलाही ९०. दिलेल्या रुंद्या कुठे गेल्या?

टेबलच्या वरच्या ओळीत ‘आजचे बाजारभाव’ आणि तारीख आहे, कोलस्पॅन ८. दुसऱ्या ओळीत कॉलमची नावं, तिसरीपासून माहिती.

वखरपाळी | मंगळवार, सकाळी ९.४८

सापडलं. फिक्स्ड पद्धतीत ब्राउझर फक्त दोन ठिकाणी रुंदी शोधतो: आधी एकेका कॉलमसाठी लिहितात त्या कोल टॅगमध्ये, तिथे नसेल तर पहिल्या ओळीच्या सेलमध्ये. दुसऱ्या ओळीपासून पुढे काहीही लिहिलं तरी तो बघत नाही. तुमची पहिली ओळ म्हणजे आठ कॉलम व्यापणारा एकच सेल. त्यातून वेगळी रुंदी कळत नाही, म्हणून ७२० भागिले ८, प्रत्येकी ९०.

दोन दुरुस्त्या करा. तारखेची ओळ टेबलच्या ओळींमधून काढून कॅप्शन टॅगमध्ये ठेवा. ती तिथलीच आहे. आणि रुंद्या सेलमधून काढून कोलग्रुपमध्ये आठ कोल लिहून तिथे द्या. टॅगचा क्रम महत्त्वाचा: कॅप्शन, मग कोलग्रुप, मग टीहेड (कॉलमची नावं), मग टीबॉडी (माहितीच्या ओळी).

कोलवरची रुंदी पॅडिंगसकट धरली जाते हे ध्यानात ठेवा. सेलवर ४० म्हणजे बाहेरून ५६ होते. कोलवर ४० म्हणजे ४०च, आत मजकुराला २४ उरतात. अ.क्र. तीन आकडी झाला की दाटेल, म्हणून त्या एका कॉलमचं पॅडिंग ४-४ करा.

कोलवर रुंदी, पार्श्वभूमी, रेघ आणि व्हिजिबिलिटी एवढंच लागतं. टेक्स्ट-अलाइन किंवा पॅडिंग कोलवर लिहिलं तर काही होत नाही. ते टीडीवर, म्हणजे सेलवरच लिहायचं, हवं तर एनथ-चाइल्डने कॉलमचा क्रमांक सांगून.

आठही कॉलमना आकडा देऊ नका. टेबलची रुंदी कॉलमच्या बेरजेपेक्षा जास्त निघाली तर वरची जागा कॉलममध्ये वाटावी एवढंच सीएसएस २.१ म्हणतं, कशी वाटावी ते सांगत नाही. तिथे पुन्हा फरक शिरतो. ‘बाजार’चा कोल रिकामा सोडा. उरलेली सगळी जागा त्यालाच मिळेल, प्रत्येक ब्राउझरमध्ये.

डवरणी | मंगळवार, सकाळी १०.०५

टेबलचा एवढा त्रास कशाला? डिव्ह घ्या, सीएसएस ग्रिड लावा, ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये आठ आकडे लिहा, झालं.

तुराटी | मंगळवार, सकाळी १०.२०

डवरणी दादा, ओळी आणि कॉलम असलेली माहिती टेबलमध्येच असावी. अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर प्रत्येक भाव वाचताना कॉलमचं नाव सांगतो, ते टीएचमुळे, म्हणजे शीर्षकाच्या सेलमुळे. शेतकरी किंवा व्यापारी टेबल निवडून एक्सेलमध्ये चिकटवतो तेव्हा कॉलम कॉलममध्येच पडतात, तेही टेबलमुळे. आणि प्रत्येक ओळ वेगळी ग्रिड केली तर प्रत्येक ओळीची रुंदी स्वतंत्र ठरते. मग सगळ्या ओळींना एकाच ग्रिडच्या रुंद्या देणारी सबग्रिड लागते, ती जुन्या क्रोम १०९ मध्ये नाही.

आंबिया_बहार | मंगळवार, सकाळी १०.४४

कोलस्पॅनचा मुद्दा पटला, तो माझ्या डोक्यातून निसटला होता. फिक्स्डला माझा विरोध अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा शेंदुरजनाघाटसाठी. त्याचं काय करायचं ते सांगा. लांब नाव कापून पुढे तीन टिंबं द्या असं म्हणू नका. मोबाइलवर माउस नसतो, पूर्ण नाव बघायची सोयच राहत नाही.

तुराटी | मंगळवार, सकाळी ११.१०

टिंबं नकोतच. बाजाराच्या सेलला ओव्हरफ्लो-रॅप द्या. त्याच्या दोन किमती आहेत आणि त्यांतला फरक टेबलमध्ये फार महत्त्वाचा आहे.

‘ब्रेक-वर्ड’ शब्द तोडतो, पण कॉलमची किमान रुंदी मोजताना तो शब्द अखंडच धरतो. म्हणून ऑटो टेबलमध्ये तो लिहूनही कॉलम आकसत नाही आणि लोक म्हणतात लागतच नाही. ‘एनीव्हेअर’ मोजतानाही शब्द तुटू शकतो असं धरतो. तो क्रोम ८०, फायरफॉक्स ६५ आणि सफारी १५.४ पासून आहे. फिक्स्ड टेबलमध्ये मजकूर मोजलाच जात नाही, त्यामुळे दोन्ही सारखेच.

वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल मात्र मराठीत वापरू नका. तो पुढच्या ओळीत जागा असूनही शब्द कुठेही तोडतो, आणि जुन्या ब्राउझरमध्ये जोडाक्षरसुद्धा फुटतं. अखंड अक्षर कोणतं हे ब्राउझर युनिकोडच्या नियमांवरून ठरवतो, आणि देवनागरी जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाप्रमाणे ‘क्ष’मधला ‘क्’ एका ओळीत आणि ‘ष’ दुसऱ्या ओळीत जाऊ शकतो.

सगळ्यांत नेटकं म्हणजे कुठे तुटावं ते आपणच सांगणं. ‘शेंदुरजना’ आणि ‘घाट’ यांच्या मधे डब्ल्यूबीआर टॅग. जागा असेल तर अखंड दिसतं, नसेल तर बरोबर तिथेच तुटतं. बाजारांची यादी एकदाच करायची आहे, लांब एकशब्दी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत. मंगरूळपीर, वरूड, दर्यापूर, हिंगणघाट तशीही बसतात.

जिनिंगवाला | मंगळवार, दुपारी १२.३०

आता मोबाइलचं पाहा. पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे का ताई? नसला त मोबाइल ९८० पिक्सेलचा पडदा समजून मांडते अन् मंग बारीक करून दाखवते. अँड्रॉइडचा क्रोम त्यावर काही मजकूर आपल्या मनानं मोठा करते. काही कॉलमची अक्षरं मोठी, काहींची बारीक, ते त्याच्यानंच. मेटा टॅगमध्ये विड्थ डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १ टाका. सीएसएसमध्ये टेक्स्ट-साइझ-अॅडजस्ट १००% द्या, आयफोनसाठी वेबकिट लावून पुन्हा एकदा.

वखरपाळी | मंगळवार, दुपारी १२.४५

आणि तो टॅग टाकल्याबरोबर पुढचा खड्डा येईल, आधीच सांगतो. टेबलची रुंदी १००% ठेवली आणि पडदा ३६० पिक्सेलचा असला, तर सात कॉलमचीच बेरीज ५७० होते. टेबल ५७० एवढं पसरतं आणि रिकामा सोडलेला ‘बाजार’ शून्य रुंदीचा होतो. त्याचा मजकूर शेतमालावर चढतो. म्हणून टेबलला मिन-विड्थ ७२० पिक्सेल द्या आणि बाहेर एक डिव्ह ठेवून त्याला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो. टेबल आडवं सरकेल, रुंदी ढळणार नाही.

पिक्सेल आणि टक्के एकाच टेबलमध्ये मिसळू नका. कॅल्कमध्ये टक्के घालून कॉलमची रुंदी काढू नका, टेबलच्या कॉलमवर असं गणित ‘ऑटो’ समजायची ब्राउझरला मुभा आहे.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी ३.१५

कोलग्रुप, कॅप्शन, व्ह्यूपोर्ट, बाहेरचा डिव्ह, सगळं केलं. चारही ठिकाणी रुंद्या जुळल्या. बाजार बरोबर १५०.

एक राहिलं. यादी लांब आहे, म्हणून कॉलमची नावं वर थांबावीत यासाठी टीबॉडीला डिस्प्ले: ब्लॉक, उंची ४०० आणि स्क्रोल दिला होता. आता विंडोजवर नावं एकीकडे आणि आकडे दुसरीकडे.

जिनिंगवाला | मंगळवार, दुपारी ३.४०

ते काढाच! टीबॉडी ब्लॉक झाली की ती टेबलचा भागच राहत नाही. तिचे कॉलम वेगळे मोजल्या जाते, वरच्या नावांशी अन् कोलग्रुपशी संबंध तुटते. त्यात विंडोजवर स्क्रोलबार साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा खाते, मोबाइलवर तो वरून तरंगते, म्हणून तिथं फरक कमी दिसते.

त्याच्याऐवजी टीएचले पोझिशन: स्टिकी, टॉप: ०, अन् पार्श्वभूमीचा रंग. रंग नसला त खालचे आकडे नावांमधून दिसते. टीहेडले न देता टीएचले द्या, क्रोम ९१ च्या आधी टीहेडवर चालत नव्हतं.

वखरपाळी | मंगळवार, दुपारी ४.०२

भर घालतो. बाहेरच्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो आहे, त्यामुळे तो उभ्या दिशेनेही स्क्रोलचा डबा धरला जातो. स्टिकी मग पानाला नाही, त्या डब्याला चिकटतं, आणि डब्याला उंचीची मर्यादा नसेल तर काहीच होताना दिसत नाही. डिव्हला मॅक्स-हाइट ८० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या ८०%, द्या.

बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स असेल तर सरकताना नावांखालची रेघ निघून जाते, कारण ती रेघ दोन सेलमध्ये सामाईक असते. बॉर्डर-कोलॅप्स: सेपरेट, बॉर्डर-स्पेसिंग: ०, आणि प्रत्येक सेलला फक्त उजवी आणि खालची रेघ.

काळी_माती | मंगळवार, सायंकाळी ५.२०

रुंदीचं चाललंय, तिथे आकड्यांचंही बघा. २०२४-२५ चा कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७१२१ आणि लांब धाग्याला ७५२१ होता. असे आकडे एकाखाली एक आले की एकक, दशक, शतक एका रेषेत हवेत, तरच नजरेला फरक कळतो. मधोमध ठेवलेले भाव वाचायला फार वाईट. टेक्स्ट-अलाइन: राइट द्या. फॉन्ट-व्हेरियंट-न्यूमरिक: टॅब्युलर-नम्स दिलं की सगळे आकडे समान रुंदीचे होतात, पण फॉन्टमध्ये तशी सोय असेल तरच.

आणि या धाग्याची लांबी पाहता याला लांब धाग्याचाच भाव मिळायला हवा!

आंबिया_बहार | मंगळवार, सायंकाळी ५.३५

आवक रिकामी असेल तिथे शून्य लिहू नका, आडवी रेघ द्या. शून्य आवक आणि माहिती आली नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा रुंदीशी संबंध नाही, पण भावपत्रकाशी आहे.

धुऱ्यावरून | मंगळवार, सायंकाळी ६.१०

पहिल्या पोस्टमधली प्रिंट राहूनच गेली. ए४ कागद २१० मिलिमीटर. दोन्हीकडे १० समास सोडला तर उरतात १९०. एक इंच म्हणजे ९६ सीएसएस पिक्सेल, तर ७२० पिक्सेल म्हणजे साडेसात इंच, १९०.५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जास्त! उजवी रेघ गेली ती त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये. काही ठिकाणी ब्राउझर सगळं पान किंचित लहान करून बसवतो, म्हणून प्रत्येकाची प्रिंट वेगळ्या मापाची.

मीडिया प्रिंटमध्ये टेबलची मिन-विड्थ ०, विड्थ १००%, बाहेरच्या डिव्हचा ओव्हरफ्लो व्हिजिबल आणि मॅक्स-हाइट नन. अॅट-पेजमध्ये साइझ ए४, मार्जिन १० एमएम. ‘बाजार’ रिकामा सोडल्याचा फायदा इथे होतो. १९० मिलिमीटर म्हणजे ७१८ पिक्सेल, कमी पडणारे दोन त्याच्यातून जातात, बाकी सात जागचे हलत नाहीत.

टीहेड प्रत्येक पानावर आपोआप येतं, टीबॉडीचा ब्लॉक काढला ते बरं झालं. टीआरला, म्हणजे टेबलच्या ओळीला, ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड द्या, म्हणजे ओळ दोन पानांत फाटणार नाही.

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ८.२०

प्रिंट पूर्ण आली, उजवी रेघ दिसते. सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन बारीक गोष्टी. फायरफॉक्समध्ये मोजलं तर काही रुंद्या अपूर्णांकात दिसतात. आणि विंडोज ७ च्या मशीनवर ‘सर्वसाधारण’ हे नाव सेलच्या बाहेर जातं, बाकी ठिकाणी जेमतेम बसतं.

वखरपाळी | बुधवार, सकाळी ८.४५

अपूर्णांक सोडून द्या. फायरफॉक्स पिक्सेलचे ६० भाग धरून मोजतो, क्रोम ६४. क्रोमची टेबलं पूर्वी पूर्ण पिक्सेलमध्येच मांडली जात, २०२१ मध्ये क्रोम ९१ ला टेबलचं इंजिन नव्याने लिहिलं तेव्हापासून तिथेही अपूर्णांक चालतात. झूम ११०% असेल तर असे फरक दिसतातच. मोजताना दोन्हीकडे झूम १००% करा.

तुराटी | बुधवार, सकाळी ९.०५

‘सर्वसाधारण’चं कारण बोल्ड असावं. मुक्तची एकच साधी फाइल जोडली असेल तर टीएचसाठी ब्राउझर स्वतःच अक्षरं जाड करतो आणि ती बनावट जाडी सगळीकडे सारखी नसते. ४०० आणि ७०० अशा दोन फाइल द्या, दोन फॉन्ट-फेस, प्रत्येकात फॉन्ट-वेट लिहा. तो कोल ९० वरून १०० करा. ९० मध्ये पॅडिंग वजा जाता ७४ उरतात, बोल्डमध्ये ते कमीच पडतात. ‘बाजार’ला मग १४० राहतील, शेंदुरजनाघाटला पुरे आहेत.

पऱ्हाटी | बुधवार, सकाळी ९.५०

एकच फाइल होती. ७०० ची जोडली, कोल १०० केला. विंडोज ७ वर ‘सर्वसाधारण’ एका ओळीत, रेघेच्या आत. शेंदुरजनाघाटही न तुटता बसलं, डब्ल्यूबीआर तसाच ठेवला आहे.